विमानाच्या पंखाची मेढ

"लाकूड ते लाकूडच. पलंगाला लावा नाहीतर विमानाला, रंधा धरणारा हात चांगला पाहिजे," असं रंगनाथराव गायखे सातपूरच्या एका शेडमध्ये कमरेवर हात ठेवून म्हणाले, आणि पुढचं सगळं रामायण तिथून सुरू झालं. मंडळी, हेच वाक्य ते मनातल्या मनात म्हणाले असते, तर उज्वलाचं लग्न चारचौघींसारखं झालं असतं आणि मला आज सांगण्यासारखं काही उरलं नसतं. पण मनातल्या मनात बोलणं रंगनाथरावांना कधी जमलंच नाही.

रंगनाथराव विमानाच्या कारखान्यातून निवृत्त झालेले. इंदिरानगरात त्यांना सगळे 'विमानवाले गायखे' म्हणत, कारण त्यांनीच तसं म्हणायला शिकवलं होतं. "तीस वर्षं विमानात काढली," असं ते सांगत. ऐकणाऱ्याला वाटे, हे ढगातच राहत असावेत. खरं सांगायचं तर ती तीस वर्षं त्यांनी पॅकिंग खात्यात काढली होती. विमानाचे सुटे भाग पाठवायला जी लाकडी खोकी लागतात, ती खोकी ते करत. खोकी अशी नामी की त्यातून काचेचं भांडं पाठवलं तरी तडा जायचा नाही. पण खोकं ते खोकंच. समोरचा माणूस ते फोडतो, आतली वस्तू काढून विमानाला लावतो आणि फळ्या बंबात घालतो. आपल्या हातची एखादी वस्तू एकदा तरी आभाळात उडावी, एवढी एकच इच्छा रंगनाथरावांच्या पोटात तीस वर्षं होती. ती त्यांनी फक्त बायकोला, साधनाताईंना सांगितली होती. बाकी कुणाला कशी सांगणार? बाकीच्यांच्या मते ती केव्हाच पूर्ण झालेली होती.

तर ते शेड होतं जीवनराव शिरसाठांचं. त्यांचा सातपूरला नटबोल्टांचा कारखाना होता आणि डोक्यात विमानाचं वेड होतं. एका बंद पडलेल्या फ्लाइंग क्लबचं दोन माणसांचं जुनं विमान त्यांनी विकत घेतलं होतं. ते इतकं जुनं की त्याचे पंखही लाकडाचे आणि वरून कापड ताणलेलं. पंखाच्या आत, मुळापासून टोकापर्यंत, एक लांबलचक लाकडी पट्टी असते. तिला स्पार म्हणतात. माणसाला जसा कणा तसा पंखाला स्पार. तो मोडला की विमान खाली आणि आतला माणूस वर. जीवनरावांच्या विमानाच्या एका स्पारला टोकाकडे चीर गेलेली निघाली. परदेशातून स्प्रूस नावाच्या झाडाचं हलकं लाकूड त्यांनी मागवलं होतं, पण खराब भाग कापून तिथे नवा तुकडा तिरक्या सांध्याने बेमालूम जोडणारा सुतार सापडत नव्हता. तेव्हा रंगनाथरावांनी ते वर सांगितलेलं वाक्य टाकलं.

मोबदल्यात त्यांनी एकच गोष्ट मागितली. मेहुण्याच्या मुलीचं, उज्वलाचं, वैशाखात लग्न होतं. त्या दिवशी जीवनरावांनी मांडवावरून एक चक्कर मारायची आणि वरून फुलं टाकायची. मुलाकडची माणसं घोटीची, भाताच्या गिरणीवाली. त्यांच्याकडच्या कुठल्याशा लग्नात म्हणे हेलिकॉप्टर आलं होतं, आणि सुपारी फुटल्या दिवसापासून ते ऐकून ऐकून रंगनाथरावांचे कान किटले होते. जीवनरावांनी हो म्हटलं. ही गोष्ट मात्र कुणालाच सांगायची नाही असं ठरलं. लग्नाच्या दिवशी सगळ्यांनी आ वासून वर पाहिलं पाहिजे.

आता एवढं लांब लाकूड इंदिरानगरच्या फ्लॅटमध्ये मावणार कुठे? जीवनरावांच्या शेडचा पत्रा वैशाखात तापून तव्यासारखा व्हायचा, तिथे सरस धरेना. मग रंगनाथरावांनी ते मखमलाबादला मेहुण्याच्या मळ्यात नेलं. मेहुणा लहानू मौले फुलं पिकवतो. त्याची फुलांच्या पॅकिंगची लांब, गार, कुडाची पडवी होती. तिथे रंगनाथरावांनी बैठक मारली. रंधा मारून मारून त्यांनी ते लाकूड असं गुळगुळीत केलं की त्यावर माशी घसरावी. सांधा जुळवला, सरस लावला, शिकंजे आवळले, आणि घरातल्या सगळ्यांना बजावून सांगितलं, "याला कुणी बोट लावायचं नाही. हे लाकूड आपल्या उज्वलाच्या लग्नासाठी आहे."

सासूबाईंनी, म्हणजे धोंडाबाईंनी, हे ऐकलं आणि त्यांचे डोळे भरून आले.

त्याचं कारण असं. मौल्यांच्या घरात मांडवाची मेढ आणायचा मान थोरल्या जावयाचा. मांडवाचा पहिला खांब म्हणजे मेढ. तो मुहूर्तावर पुरायचा, त्याला हळद लावायची, सुपारी बांधायची, आणि एकदा पुरला की लग्न लागून मांडव परतेपर्यंत हलवायचा नाही. बाकीचे जावई काय करतात? ऐन वेळी कुठूनतरी बांबू ओढून आणतात. आणि आपले जावईबापू पाहा, रोज इंदिरानगरहून येतात, दिवसभर घाम गाळतात, मेढीला रंधा मारतात! धोंडाबाईंनी ही गोष्ट शेजारच्या नवसाबाईला सांगितली. नवसाबाईला सांगितलं म्हणजे मखमलाबादला सांगितलं.

रंगनाथरावांना या मानाचा साफ विसर पडला होता. त्यांच्या डोक्यात दिवसरात्र विमान घरघरत होतं.

लग्नाला पंधरवडा असताना एका सकाळी ते रिकामा टेम्पो घेऊन मळ्यात आले. सांधा वाळला होता. दुसऱ्या दिवशी मुंबईहून तपासणीच्या मॅडम यायच्या होत्या. त्यांनी पास म्हटलं की स्पार पंखात बसणार होता. मळ्यात शिरताच त्यांना ताशा ऐकू आला. अंगणात भावकी जमली होती. गुरुजी होते, बायका नटल्या होत्या, आणि मधोमध खड्ड्यात, अंगभर हळद लावून, आंब्याचा डहाळा डोक्यावर घेऊन उभा होता तो स्पार. नेमक्या सांध्यावर पिवळ्या फडक्यात सुपारी बांधलेली होती.

रंगनाथराव पुढे झाले. ते तोंड उघडणार एवढ्यात लहानूने त्यांच्या डोक्यावर फेटा ठेवला. धोंडाबाईंनी कुंकू लावलं आणि सगळ्या भावकीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "बघा रे, आशी मेढ या पंचक्रोशीत कुणाच्या जावयानं आणली नाय. लय जिवाचं माणूस हाय आमचं."

सगळी माणसं कौतुकाने बघत होती. एक म्हातारा तर मेढीवरून हात फिरवून 'वा' म्हणाला. आता इथे तुम्ही म्हणाल, की खरं सांगून टाकायचं. अहो, सांगणं सोपं आहे. पण डोक्यावर फेटा आहे, समोर सासू रडते आहे, ताशा वाजतो आहे आणि आयुष्यात पहिल्यांदा आपल्या सुतारकामाकडे पन्नास माणसं एकदम बघत आहेत, अशा वेळी सांगून पाहा. रंगनाथराव थोडेसे हसले, आणि लहानूने पुढे केलेल्या घमेल्यातली माती ओंजळीने घेऊन त्यांनी स्वतःच्या हाताने स्पारच्या बुडाशी लोटली. वरून पायाने दाबलीसुद्धा.

दुसऱ्या दिवशी तपासणीच्या छाया मॅडम सातपूरला हजर झाल्या. वयाने तरुण, पण नजर अशी की लाकडाला घाम फुटावा. बॅगेत टॉर्च, आरसा आणि छोटीशी हातोडी. स्पार कुठे आहे, असं त्यांनी विचारलं. जीवनरावांनी रंगनाथरावांकडे पाहिलं. रंगनाथराव म्हणाले, की स्पारवर सध्या भार देऊन चाचणी चालू आहे. मॅडमना ते फार आवडलं. इतकी काळजी कुणी घेत नाही म्हणाल्या, आणि ती चाचणी बघायला निघाल्या.

मळ्यात आल्यावर रंगनाथरावांनी सासूबाईंना सांगितलं, की आमच्या ओळखीच्या मॅडम आहेत, खास मेढ बघायला मुंबईहून आल्यात. धोंडाबाईंना यात काही नवल वाटलं नाही. मेढ होतीच तशी. मॅडमनी मेढीला तीनदा प्रदक्षिणा घातली. बायकांना वाटलं, किती संस्कारी मुलगी. मग त्यांनी टॉर्च लावला, सांध्याजवळ कान नेला, हातोडीने टकटक केलं, बुडाशी वाकून माती उकरून पाहिली, आणि रंगनाथरावांना बाजूला घेतलं.

"गायखे, तुम्ही स्पार जमिनीत पुरलाय?"

"तात्पुरता, मॅडम."

"हे बघा, काम चांगलं दिसतंय. पण लाकडात ओल गेली तर मी ते पंखात जाऊ देणार नाही. आजच्या आज काढा, सावलीत सुकवा, मग मी परत येऊन नीट तपासते."

एवढं बोलून त्या निघाल्या, पण धोंडाबाईंनी सोडलं तर ना. त्यांनी मॅडमची नारळाने ओटी भरली, आणि लग्नाला यायचंच म्हणून शपथ घातली.

त्या संध्याकाळी रंगनाथरावांनी साधनाताईंना सगळं सांगितलं. विमान, फुलं, स्पार, सगळं. साधनाताईंनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, की आईला जाऊन सरळ सांगा. पुरलेली मेढ उपटायची म्हणजे तिच्या लेखी पोरीचं लग्न उपटण्यासारखं आहे, पण सांगा. माझ्याने सांगवणार नाही. रंगनाथराव म्हणाले, त्यापेक्षा मी गुपचूप बदलून टाकतो.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी, सगळं घर जेवून आडवं झालेलं असताना, ते तेवढ्याच उंचीची सागाची फळी घेऊन मळ्यात आले. फळीला त्यांनी घरीच हळद फासून आणली होती. फळी कुडाआड टाकली, कुदळ घेतली आणि मेढीच्या बुडाशी उकरायला बसले. वीतभर माती निघाली असेल नसेल, मागून आवाज आला, "काय करताय जावईबापू?"

धोंडाबाई उभ्या होत्या. रंगनाथरावांनी कुदळ मागे लपवली, पण खड्डा कुठे लपवणार? त्यांना जे पहिलं सुचलं तेच बोलून गेले.

"आळं करतोय. मेढीला पाणी घालावं म्हटलं. उन्हाचं."

धोंडाबाई गहिवरल्या. एवढं त्यांच्यासुद्धा लक्षात आलं नव्हतं. त्यांनी तिथल्या तिथे तांब्या मागवला आणि जावयाच्या हातून पाणी घालून घेतलं. दुसऱ्या दिवसापासून घरातली प्रत्येक बाई अंघोळ करून आधी मेढीला तांब्याभर पाणी घालू लागली. नवसाबाई तर आपल्या घरून कळशी घेऊन यायची. पाहुण्या आल्या की त्यांनाही सांगत, थोरल्या जावयानं आळं केलंय, पाणी घाला. स्प्रूसचं लाकूड, ज्याला जीवनराव पावसाळ्यात उबदार खोलीत ठेवायचे, ते आता भाताच्या खाचरात उभं असल्यासारखं दिसू लागलं. रंगनाथराव रोज येत, बघत, आणि परत जात. घरी त्यांचं जेवण कमी झालं. बायकोशी बोलताना ते "विमान" हा शब्द टाळू लागले, आणि ज्या माणसाचं दर तिसरं वाक्य विमानावर असे त्याचं असं व्हावं, याचं साधनाताईंना फार वाईट वाटलं.

शेवटी त्यांनी सातपूरला जाऊन जीवनरावांना सगळं कबूल केलं. जीवनराव आधी चिडले. मग हसायला लागले, ते पार खुर्चीचा हात धरून. मग एकदम गंभीर होऊन म्हणाले, "गायखे, मी शब्द दिलाय तर फुलं पडतील. विमान उडायलाच पाहिजे असं थोडंच आहे? पंखा तर पुढे आहे ना."

बेत साधा होता. दोन्ही पंख काढायचे. उरलेलं विमान ट्रॉलीवर घालून मळ्यात आणायचं. मांडवाकडे शेपूट करून उभं करायचं, चाकांना दगड लावायचे, ट्रॅक्टरला साखळीने बांधायचं. इंजिन चालू केलं की पुढच्या पंख्याचा वारा मागे जातो. त्या वाऱ्यात झेंडूच्या पाकळ्या सोडल्या की त्या अलगद मांडवात. लहानूने उपरणं हलवलं की जीवनरावांनी जोर वाढवायचा, एवढीच खूण.

लग्नाच्या दिवशी ते विमान ट्रॉलीवरून आलं तेव्हा पिसं काढलेल्या कोंबडीसारखं दिसत होतं. पण विमान ते विमान. घोटीची मंडळी खुर्च्यांवर चढून बघू लागली. हेलिकॉप्टरचं नाव त्या दिवशी परत कुणी काढलं नाही. फक्त धोंडाबाईंना एक गोष्ट पटली नाही. नवरानवरीकडे पाठ करून उभं राहणं बरं दिसत नाही म्हणाल्या. त्यांची कशीबशी समजूत घातली. छाया मॅडमही आल्या होत्या, शपथ घातली होती ना. त्या पहिल्या रांगेत बसल्या होत्या आणि मेढीकडे बघून अधूनमधून कपाळाला हात लावत होत्या.

शेवटच्या मंगलाष्टकाला लहानूने उपरणं हलवलं. इंजिन घरघरलं. दोघातिघांनी बाजूने पाट्या उपड्या केल्या, आणि काय सांगू मंडळी, झेंडूच्या पाकळ्यांचा असा एक सोनेरी झोत उठला आणि मांडवात शिरला की गुरुजी मंत्र विसरले. उज्वलाच्या केसांत, रोहितच्या, म्हणजे नवऱ्या मुलाच्या, खांद्यावर, सगळीकडे फुलं. रंगनाथराव मेढीला टेकून उभे होते. त्यांच्या डोळ्यांत खरंच पाणी आलं. हीच फुलं वरून पडली असती तर, असं त्यांच्या मनात येऊन गेलं.

तेवढ्यात मांडवाचं कापड फुगलं. लहानूच्या ते लक्षात आलं. बस करा, बंद करा, असं ओरडत तो विमानाकडे धावला. इंजिनाच्या आवाजात ओरडणं काय ऐकू जाणार? म्हणून त्याने हातातलं उपरणं जोरजोरात हलवलं. जीवनरावांनी मान वळवून पाहिलं. उपरणं हलत होतं. त्यांनी जोर वाढवला. लहानूने आणखी जोरात हलवलं. त्यांनी आणखी वाढवला. लहानू उपरणं दोन्ही हातांत धरून उड्या मारू लागला, तेव्हा तर जीवनरावांना वाटलं की मुलीचा बाप अगदी खूश झाला आहे, आणि त्यांनी जेवढा होता तेवढा सगळा जोर लावून दिला.

मांडव उठला. आधी कापड गेलं, मग झालर, मग बांबू एकामागून एक सुटले. घोटीकरांचे फेटे गेले. वाढायला काढलेल्या पत्रावळी गुलाबाच्या शेतात जाऊन उतरल्या. आंतरपाट बांधाच्या पलीकडे बाभळीवर जाऊन बसला. गुरुजी पोथीवर पालथे पडून राहिले म्हणून पोथी वाचली. कुणाला इजा झाली नाही, ही देवाची कृपा. शेवटी साधनाताईंनी पदर खोचला, वाकून वाकून विमानापर्यंत गेल्या आणि समोरून दोन्ही हातांनी असा काही नकार दाखवला की जीवनरावांनी झटकन इंजिन बंद केलं.

एकदम शांतता झाली. धूळ बसली. भर उन्हात, उघड्या आभाळाखाली, वऱ्हाड डोक्याला हात लावून उभं होतं. सगळ्या मांडवातली एकच गोष्ट जागेवर होती. मेढ. सरळ, ताठ, सुपारीसकट. आणि तिला मिठी मारून रंगनाथराव.

मुलाचा बाप काही बोलायच्या आत धोंडाबाई पुढे आल्या. त्यांनी मेढीला हात लावला, हलवून पाहिली. हलेना.

"मेढ उभी हाय ना?" त्या म्हणाल्या. "मंग मांडव उभा हाय. म्हणा गुरुजी पुढलं."

गुरुजींनी पुढचं म्हटलं. एका खांबाच्या आणि आभाळाच्या मांडवात उज्वलाचं लग्न लागलं. लागल्यावर टाळ्या अशा पडल्या की घोटीकरसुद्धा सामील झाले.

जेवणं आटोपल्यावर छाया मॅडम उठल्या. बॅगेतून हातोडी काढली, मेढीजवळ गेल्या, पिवळं फडकं बाजूला सारून सांध्यावर टकटक केलं. आरशाने मागून पाहिलं. शाळेतलं पोर निकालाला उभं राहावं तसे रंगनाथराव बाजूला उभे होते. फेटा कुठे उडाला त्याचा पत्ता नव्हता.

"गायखे," मॅडम म्हणाल्या, "सांधा एक नंबर. केसभर उघडला नाही. असं काम मी कमी पाहिलंय."

रंगनाथरावांची छाती फुगायला लागली. मॅडमनी खाली वाकून बुडाशी बोट दाबलं. ते आत रुतलं.

"सांधा पास. लाकूड नापास. याला पाणी कुणी घातलं?"

भोवती जमलेल्या सगळ्या बायकांनी मोठ्या अभिमानाने रंगनाथरावांकडे बोट दाखवलं.

पुढे जीवनरावांनी दुसरं लाकूड मागवलं, आणि त्याला सांधाही रंगनाथरावांनीच घालायचा असं ठरलं आहे. या वेळी ते काम सासुरवाडीत होणार नाही. मेढ मात्र धोंडाबाईंनी घरात माळ्यावर जपून ठेवली आहे, पुढच्या नातीसाठी. पण हे सगळं नंतरचं. त्या दिवशी संध्याकाळी रिकाम्या टेम्पोत बसून नवराबायको इंदिरानगरला परत निघाले. साधनाताईंनी त्यांच्या कॉलरमधून झेंडूची एक पाकळी काढली आणि खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "सगळं सगळं उडालं हो आज. एक तुमचंच तेवढं उडालं नाही."

हे कौतुक होतं की टोमणा, हे रंगनाथरावांनी अजून विचारलेलं नाही.